एप्रिलच्या उकाड्यात कूलरमधला बर्फ दोन रात्री कसा टिकवायचा? (केळशी, दोन मुक्काम)

सुरूबन
मंडळी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आठ जण (त्यात तीन मुलं) पुण्याहून ताम्हिणीमार्गे केळशीला जातोय. ओळखीच्यांच्या वाडीत तंबू टाकणार आहोत. दोन रात्री मुक्काम, तिसऱ्या दिवशी हर्णैला मासळी घेऊन दापोलीमार्गे परत. वाडीत दिव्यापुरती वीज आहे, फ्रीज नाही.

थंड ठेवायच्या वस्तू: दूध, दही, पनीर, मुलांची सरबतं, सोलकढी, पाण्याच्या बाटल्या, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सासूबाईंचं इन्सुलिन. परतीला मासळी.

घरात ५० लिटरचा कूलर आहे, भिंती साधारण इंचभर जाडीच्या, आत थर्मोकोल. शेजारचे म्हणतात बर्फात मीठ घाल, जास्त टिकतो. नणंद म्हणते वितळलेलं पाणी लगेच ओतून टाक. दीर म्हणतात कूलर वाळूत पुरून ठेव. यातलं नक्की काय करू? प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी सांगा, प्लीज.

घाटपांथस्थ
ताई, सगळ्याचं मूळ झाकण. झाकण उघडलं की बर्फ गेला. आमच्या ग्रुपमध्ये झाकण उघडायचा अधिकार फक्त एकाकडे असतो, बाकीच्यांनी अर्ज करायचा. मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

कोकमआगळ
सोलकढी पुण्याहून कशाला न्यायची? आगळाची बाटली उन्हाळ्यातही बाहेर छान राहते. नारळ वाडीत मिळतील. जेवायच्या आधी खोबरं वाटून दूध काढा आणि तिथेच कढी करा. जी वस्तू थंड ठेवावीच लागत नाही तिच्यासाठी बर्फ खर्च करू नका. पनीरचंही तेच. केळशीत जाऊन पनीर खाणार आहात का? :)

सुरूबन
मुलं मासे खात नाहीत हो, म्हणून पनीर. सोलकढीचं पटलं, यादीतून काढली.

मालवणचो तांडेल
खणात मोकळी जागा ठेवूची नाय. जागा रवली की बरफ गेलोच समजा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. होडीच्या खणात आम्ही आधी तळाला चुरा पसरतो, त्यावर मासळी, त्यावर पुन्हा चुरा, कडेलाही चुरा दाबून भरायचा. मासळीची बाजू लाकडाला किंवा फायबरला टेकता कामा नये, उष्णता तिथूनच आत येते. तुमच्या डब्यातही तसंच करा. सामान कमी असेल तर वरची रिकामी जागा टॉवेलने, चादरीने भरून काढा. डबा शिगोशीग भरलेला असला पाहिजे.

लादीवाला
माझी नोकरी बर्फाच्या कारखान्यात. बंदरावर, कोणत्या ते राहू द्या.

मीठ बर्फात अजिबात घालू नका. आमच्याकडे मीठ असतं ते टाकीतल्या पाण्यात. खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून अमोनियाच्या यंत्राने ते थंड करतात आणि गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे लांब डबे त्यात बुडवून ठेवतात. डब्यातलं पाणी कडेने आत आत गोठत जातं. मधोमध नळीने हवा सोडत राहिलं तर लादी काचेसारखी निघते, नाही सोडली तर दुधी. सगळ्यात शेवटी गोठतो तो गाभा, पाण्यातले क्षार तिथे गोळा होतात. मोठी लादी गोठायला दिवस उलटतो. मग डबा साध्या पाण्यात क्षणभर बुडवला की लादी सुटते आणि घसरत फळीवर येते. तो आवाज ऐकला की बंदरावरची कुत्रीसुद्धा बाजूला होतात.

तुमच्या कामाचं एवढंच की लादी घ्या, चुरा नको. लादीतून टोचाने डब्याच्या मापाचा एक तुकडा काढून मागा, देतात. दहा सेंटिमीटरचा बर्फाचा ठोकळा फोडून अडीच-अडीच सेंटिमीटरचे तुकडे केले तर ६४ तुकडे होतात आणि उघडा पृष्ठभाग चौपट होतो. अख्खा तुकडा म्हणूनच टिकतो.

माजघर
लादी पुण्याहून नेण्यापेक्षा घरचाच बर्फ न्या. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या स्वच्छ धुवून पिण्याच्या पाण्याने भरा, वर चार बोटं जागा सोडा, कारण पाणी गोठताना फुगतं, बाटली तडकते. चार-पाच दिवस आधीपासून रोज दोन-दोन बाटल्या फ्रीजरमध्ये टाका. सगळ्या एकदम टाकल्या तर मधलं पाणी गोठतच नाही, आणि फ्रीजरमधल्या बाकीच्या वस्तूही मऊ पडतात. वितळलं की तेच पाणी प्यायचं. डबा ओला होत नाही, पनीर पाण्यात तरंगत नाही.

दुधाच्या पिशव्याही गोठवून न्या. पहिल्या दिवशी त्या बर्फाचं काम करतील, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला दूध तयार.

शीतगणित
व्यवसायाने शीतगृहांचं काम करतो, म्हणून थोडं हिशेबाने लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता गिळतो. हीच त्याची खरी ताकद. फ्रीजरमधून उणे १८ अंशांचा काढला तर शून्यावर येईपर्यंत आणखी फक्त ९ मिळतात. म्हणून बर्फ 'किती थंड आहे' याला फार महत्त्व नाही, 'किती किलो आहे' याला आहे.

ही ताकद कुठे खर्च होते ते पाहा.

भिंती: ५० लिटरच्या डब्याचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर. इंचभर थर्मोकोल, बाहेर ३० अंश, आत शून्य. दिवसाला सुमारे ११ किलो बर्फ नुसत्या भिंतीतून जातो. त्याच मापाच्या डब्याला दोन इंच पीयू (पॉलियुरेथेन) फोम असेल तर साडेतीन-पावणेचार किलो. महागड्या डब्याचे पैसे जातात ते या जाडीला, बाकी चाकं आणि ओपनर शोभेचे.

सामान: अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या ३२ अंशांवर असताना आत ठेवल्या तर त्यांना ४ अंशांवर आणायलाच सव्वाचार किलो बर्फ जातो. एका फटक्यात. त्याच बाटल्या आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर हा खर्च जवळपास शून्य.

झाकण: घाटपांथस्थ दादा, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. झाकण उघडून ५० लिटर थंड हवा पूर्ण निघून गेली आणि दमट गरम हवा आत आली असं धरलं, तरी त्या हवेला थंड करायला आणि तिच्यातली वाफ पाणी व्हायला जो बर्फ लागतो तो १५ ग्रॅमच्या आसपास. शंभरदा उघडलं तर दीड किलो. कमी नाही, पण भिंती आणि गरम बाटल्यांपुढे तिसऱ्या नंबरावर.

घाटपांथस्थ
शीतगणित सर, कागदावर ठीक. पण आठ माणसांत झाकण 'उघडून मिटणं' असं होत नाही. एक जण उघडतो, दुसरा म्हणतो थांब मला पण, तिसरा दही शोधत सगळं सामान उपसतो, तेवढा वेळ झाकण उघडं. वर ऊन. आणि बाहेर काढलेली बाटली अर्धी पिऊन गरम करून परत आत. ते तुमच्या १५ ग्रॅममध्ये आहे का?

शीतगणित
ते नाही, आणि तुमचा हा मुद्दा रास्त आहे. पण बघा, गरम बाटली परत आत टाकणं हा 'सामान' या खात्यातला खर्च झाला. त्यावर उपाय म्हणजे दोन डबे. पाणी-सरबतांचा एक, तो दिवसभर उघडू दे, त्यात साधा स्वस्त डबा चालेल. जेवणाचा आणि औषधाचा दुसरा, तो सकाळ-संध्याकाळ एकेकदाच उघडायचा. तुमचा अर्जाचा नियम त्या दुसऱ्याला लावा.

सुरूबन
पाणी ओतायचं की ठेवायचं? आणि मीठ नको हे कळलं, पण का नको?

शीतगणित
मीठ घातलं की बर्फ वितळण्याचं तापमान खाली जातं, भरपूर मिठाने उणे २१ पर्यंत. म्हणूनच पॉटातलं आइस्क्रीम गोठतं. पण बर्फ वितळतो तेव्हाच ही थंडी मिळते. डबा आतून जितका जास्त थंड तितकी बाहेरची उष्णता जोरात आत येते. टिकवायचं असेल तर मीठ उलटं काम करतं.

पाण्याचं: बाटल्या आणि डबाबंद वस्तूंच्या कूलरमध्ये पाणी राहू द्या. ते शून्याच्या आसपास असतं, बाटलीला चहूबाजूंनी भिडतं, नुसत्या हवेपेक्षा लवकर थंड करतं. ओतून टाकलं की त्या जागी गरम हवा येते. फक्त मासळी, भाजी, उघडं अन्न असेल तर पाणी काढत राहायचं.

मालवणचो तांडेल
मासळीचं पाणी काढायचंच. वितळलेल्या पाण्यात बुडून राहिलेलं पापलेट पांढरं-फटफटीत पडतं, चव उतरते. खणातलंही पाणी आम्ही उपसत राहतो.

खाडीकाठ
ओलं गोणपाट कुणी सांगितलं नाही अजून? आमच्या आजोळी दुकानात बर्फ भाताच्या तुसात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवत. कूलरवर ओलं गोणपाट टाका, थंड राहतो.

घाटपांथस्थ
पुण्यात, सोलापुरात चालेल ते. कोकणातल्या घामाच्या हवेत पाणी उडतंच कुठे? दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही.

शीतगणित
दोघांचंही अर्धं खरं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ओलं कापड हवेपेक्षा १५-१७ अंश थंड होऊ शकतं. किनाऱ्यावर दमटपणामुळे फार तर ५-६ अंश. पण दुपारी खारा वारा सुटला की तेवढे नक्की मिळतात, आणि ५-६ अंश म्हणजे भिंतीतून येणाऱ्या उष्णतेत सहावा हिस्सा कमी. फुकटचं आहे, करा. मात्र आधी सावली. उन्हात गडद रंगाचं झाकण ६० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे त्या बाजूने दुप्पट बर्फ जातो. कूलरच्या वर वीतभर अंतर सोडून पांढरी चादर बांधा, खाली दोन विटा किंवा फळी.

तुसाचं आणि भुशाचं म्हणाल तर जुना इतिहास आहे. १८३३ मध्ये बॉस्टनहून बर्फ भरून निघालेलं जहाज चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ शिल्लक होता, विषुववृत्त दोनदा ओलांडून. तळ्यातला कापलेला बर्फ, ठोकळ्याला ठोकळा घट्ट रचलेला आणि इन्सुलेशनला भुसा आणि तसलाच कोरडा माल. चेन्नईतलं आजचं विवेकानंदर इल्लम हे मुळात हा बर्फ पाठवणाऱ्या कंपनीचंच बर्फघर. त्या जहाजात वेगळी जादू नव्हती: मोठा ढीग, घट्ट रचना, कोरडं आवरण. भुसा ओला झाला की मात्र निकामी, कारण अडवणारी गोष्ट त्यातली हवा असते.

लादीवाला
वा सर, हे माहीत नव्हतं. आमच्या कारखान्यातल्या पोरांना सांगतो.

कासवराखण
वाळूत पुरण्याबद्दल कळकळीची विनंती. केळशी, आंजर्ले, वेळास ही कासवांची पुळण. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत अंडी घालतात, आणि पिल्लं फेब्रुवारीपासून अगदी एप्रिल-मेपर्यंत बाहेर पडतात. वेळासला २००२ पासून अंडी सुरक्षित कुंपणात हलवून जपण्याचं काम चाललंय, तरी प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही. सुरूच्या कडेची जी सावलीतली वाळू तुम्हाला कूलर पुरायला सोयीची वाटते, तीच नेमकी त्यांची जागा. तिथे खणू नका. रात्री पुळणीच्या बाजूला झगझगीत दिवेही नकोत, पिल्लं उजेडाकडे वळतात.

आणि थर्मोकोलचा उघडा खोका समुद्रावर नेऊ नका. कोपरा तुटला की पांढरे दाणे वाऱ्याने पसरतात, ते वेचता येत नाहीत.

शीतगणित
शंभर टक्के सहमत. शिवाय पुरून फायदा चार-पाच अंशांचाच, आणि झाकणाच्या रबरात वाळू अडकली की ते नीट बसत नाही. फट राहिली तर झिरपणारी दमट हवा दिवसभर बर्फ खाते.

औषधपेटी
इन्सुलिनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. औषधाच्या दुकानात बसते.

बर्फाला चिकटवून अजिबात ठेवू नका. इन्सुलिन गोठलं तर ते फेकूनच द्यायचं, वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बाहेर ठेवता येते, साधारण चार आठवडे, पण ३० अंशांच्या आत (काहींना २५ सुद्धा लिहिलेलं असतं, खोक्यातला कागद वाचा). एप्रिलमध्ये तंबूत ३५ च्या वर जाईल, त्यामुळे तंबू किंवा गाडीचा डॅशबोर्ड नको.

काय करायचं: स्टीलचा किंवा प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा छोटा डबा घ्या. आत कोरडा रुमाल, त्यात इन्सुलिन. हा डबा जेवणाच्या कूलरमध्ये सगळ्यात वर, बर्फाच्या बाटल्यांपासून जाड टॉवेलने वेगळा. जवळ एक साधा थर्मामीटर ठेवा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. सगळं इन्सुलिन एकाच डब्यात नको. एक जादा पेन गावातल्या कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवता आलं तर उत्तम. कोकणात नाही म्हणणार नाहीत.

सुरूबन
औषधपेटी ताई, तुमचे आभार कसे मानू. मी बर्फाच्या पिशवीतच ठेवणार होते. वाडीच्या मालकांना आत्ताच फोन केला, त्यांच्या घरी फ्रीज आहे, एक पेन तिथे ठेवायला आनंदाने हो म्हणाले.

माजघर
मग पनीरही तिथेच ठेवा की :)

खाडीकाठ
विषयाला फाटा फोडतो. परतीला हापूसची पेटी घेतली तर मासळीच्या कूलरमध्ये वर ठेवली तर चालेल का? थंड राहील ना.

कोकमआगळ
अहो काय हे! कच्चा-अडकच्चा आंबा १२-१३ अंशांच्या खाली गेला की साल काळवंडते आणि तो धड पिकत नाही. शिवाय बांगड्याच्या वासाचा हापूस कोण खाणार? पेटी पेंढ्यात, मागच्या सीटखाली, सावलीत. एसीचा झोतही थेट नको.

खाडीकाठ
पटलं. माझ्या मेहुण्याला हे वाचायला देतो.

घाटपांथस्थ
एक प्रश्न शीतगणित सरांना. निघायच्या आधी डबा थंड करून ठेवावा म्हणतात, त्यात अर्थ आहे का?

शीतगणित
डब्यावर अवलंबून. जाड प्लास्टिकचा दहा किलोचा जड डबा असेल तर त्याच्या भिंती गार व्हायलाच किलोभर बर्फ जातो. तो आदल्या रात्री बर्फाच्या दोन जुन्या बाटल्या घालून गार करा. सुरूबन ताईंचा हलका डबा आहे, तिथे फरक नगण्य. त्यांनी दिवसभर गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत तो तापत ठेवू नये, एवढं पुरे. वाटेतही डिकीत नको. ताम्हिणी उतरून माणगावला जेवायला थांबलात की बंद गाडी भट्टीसारखी तापते. मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, एसीत, आणि गाडी सावलीत लावा.

सुरूबन
सगळं वाचून ठरवलेलं लिहिते, काही राहिलं असेल तर टोका.

दोन डबे. आमचा ५० लिटरचा पाण्या-सरबतांना, भावाचा जाड भिंतींचा २५ लिटरचा जेवणाला. दोन लिटरच्या आठ बाटल्या रविवारपासून गोठवायला घेते. बाकीचं सगळं सामान आदल्या रात्री फ्रीजमध्ये. सोलकढी बाद, दुधाच्या पिशव्या गोठवून. वर पांढरी चादर, खाली फळी, दुपारी ओलं गोणपाट. खणणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंजर्ल्याच्या बाजूने हर्णैला जाऊन सरबताच्या डब्यासाठी लादीचा तुकडा आणू.

एकच शंका. त्या लादीचा तुकडा सरबतात टाकला तर?

लादीवाला
नको! बंदरावरचा बर्फ मासळीसाठी असतो, पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम आहे तो यासाठीच. निळा दिसला तर तोंडाला लावायचा नाहीच, पण पांढरा दिसला म्हणून चांगला असंही धरू नका. तुकडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, मग डब्यात. त्याचं पाणी बाटल्यांच्या तोंडाला लागता कामा नये. सरबतात घालायचा बर्फ घरच्या पाण्याचा वेगळ्या डब्यात न्या.

सुरूबन
पिशवी लिहून घेतली. आणि परतीची मासळी? हर्णै ते पुणे सहा-सात तास तरी धरते. सुरमई आणि बांगडे घ्यायचेत, साधारण पाच किलो.

मालवणचो तांडेल
पाच किलो मासळीला पाच किलो बर्फ, कमी नको. इथे लादी नाही, चुरा घ्या. चुरा मासळीला सगळीकडून भिडतो, लवकर गार करतो. तिथेच साफ करून घ्या, पोटातली घाण आधी जायला हवी, पाणी निथळू द्या. तळाला चुरा, मग मासळी, मग चुरा. बांगडे आणि सुरमई वेगवेगळ्या पिशव्यांत.

औषधपेटी
बांगड्याला एक मिनिटही गरम राहू देऊ नका. बांगडा, कुपा, सुरमई या जातीच्या माशांत उबेत हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून, उकळून जात नाही. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, पुरळ, अशी रिअॅक्शन येते आणि लोक समजतात माशाची अॅलर्जी आहे. घेतल्या क्षणापासून बर्फात, लिलाव पाहायला गाडीपाशी पिशवी लटकवून ठेवायची नाही.

शीतगणित
परतीला मासळी भावाच्या जाड डब्यात घाला, तोवर तो रिकामा झालेला असेल. डब्याच्या तळाचं पाणी काढायचं बूच सैल ठेवून खाली परात घ्या, म्हणजे पाणी निघत राहील आणि गाडीला वास लागणार नाही. इन्सुलिनचा छोटा डबा तेव्हा दुसऱ्या कूलरमध्ये हलवा, मासळीच्या चुऱ्यात नको.

सुरूबन
हलवते. परात आणि थर्मामीटर यादीत घातले.